राणूबाईंची चोवीस वर्षे

(जांब समर्थ येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



समर्थांच्या जन्मगावी दासबोधाविषयी बोलायचे, तर श्रोत्यांना नवे ते काय सांगणार? येथील वृद्ध मंडळींना मनाचे श्लोक माझ्यापेक्षा अधिक पाठ असतील. तरीही ‘मुले मोठी होतात तसतसे घराचे धागे सैल का होतात आणि साहित्याने ते कसे पाहिले’ हा विषय ठरला, तेव्हा मला प्रथम आठवला तो दासबोधाचा तिसरा दशक. त्यातील ‘स्वगुणपरीक्षा’ या नावाचे चार समास आपण पारायणात भराभर पुढे नेतो. ते सावकाश वाचले पाहिजेत.

तेथे एका सामान्य माणसाचे आयुष्य आहे. लहानपणी त्याला आईवाचून क्षणभर करमत नाही. थोडा मोठा झाला की तो खेळगड्यांत रमतो. लग्न होते आणि पत्नी हेच त्याचे सर्वस्व होऊन बसते. पुढे मुलेबाळे, ओढग्रस्त संसार, पोटासाठी परमुलखात जाणे आणि अखेरीस वार्धक्य. ज्यांच्यासाठी जन्मभर राबला, त्यांनाच तो नकोसा होतो. समर्थांनी येथे कोणालाही खलपुरुष ठरवलेले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आईला विसरणारा आणि पुढे मुलांकडून विसरला जाणारा माणूस एकच आहे. समासांचे नाव ‘स्वगुणपरीक्षा’ आहे. परीक्षा सुनेची नाही, शेजाऱ्याच्या मुलाचीही नाही. अर्थात दासबोधाचा रोख वैराग्याकडे आहे. आपण संसारी माणसे. आपण त्याच आरशात आपले घर पाहायचे.

आधुनिक मराठी साहित्यात हा आरसा रंगभूमीने धरला. कुसुमाग्रजांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगमंचावर आले. आप्पासाहेब बेलवलकर निवृत्त होताना मिळवलेले सारे मुलांना वाटून टाकतात. मग मुलाच्या घरी नातीला लागलेल्या वळणावरून कुरबुर होते, लेकीच्या घरी तर चोरीचा संशय येतो. शेक्सपियरच्या ‘किंग लिअर’शी या नाटकाचे नाते सर्वश्रुत आहे, पण आपल्या प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आले ते कावेरीसाठी, नवऱ्यामागून मुकाट्याने घर सोडणाऱ्या ‘सरकार’साठी.

येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगतो, कारण समोर शेती नावावर असलेली बरीच मंडळी दिसत आहेत. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. त्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मिळवता येते. पण अट असली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हे स्पष्ट केले. २०२५ च्या एका निर्णयात मात्र हा कायदा ज्येष्ठांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे वाचावा, असेही म्हटले. आप्पासाहेबांनी कसलीच अट घातली नव्हती. बक्षीसपत्रात ती ओळ लिहून घेणे म्हणजे मुलावर अविश्वास, असे मी मानत नाही. घरात न्यायाधिकरणाचे नाव निघण्याची वेळ येऊच नये, हे खरे. पण रात्री घराबाहेर पडावे लागण्यापेक्षा ते बरे.

महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) आपल्या अधिक जवळचे आहे. विदर्भातील धरणगावकर देशपांड्यांचा वाडा. कर्ता पुरुष गेला आहे. मुंबईचा मुलगा सुधीर सपत्नीक येतो. वाड्यातल्यांना वाटते शहरात पैसा आहे, शहरातल्यांना वाटते वाड्यात अजून सोने आहे. दोघेही ओढग्रस्तीत, आणि दोघेही ते एकमेकांना सांगू शकत नाहीत. अंगणात नादुरुस्त ट्रॅक्टर उभा आहे. दुरावा नेहमी भांडणातून येतो असे नाही. कित्येकदा संकोचातून येतो. पुण्याला, संभाजीनगरला गेलेला मुलगा हप्त्यांची अडचण सांगत नाही, आई गुडघ्यांचे दुखणे सांगत नाही आणि फोनवर ‘सगळे ठीक’ एवढेच उरते.

आता या गावाच्या घराकडे वळू. शके १५३०, म्हणजे १६०८ च्या रामनवमीला येथे नारायणाचा जन्म झाला. वडील सूर्याजीपंत लवकर गेले. बाराव्या वर्षी बोहल्यावर ‘सावधान’ ऐकून मुलगा निघून गेला, हे आपण रंगवून सांगतो. त्यानंतरची टाकळीची बारा वर्षे आणि तीर्थाटनाची बारा वर्षे आपल्याला तोंडपाठ आहेत. पण हीच चोवीस वर्षे या घरात राणूबाईंनीही काढली. त्यांचे चरित्र कोणी लिहिले? मुलाच्या वाटेकडे डोळे लावून दृष्टी गेली, एवढेच परंपरा सांगते. आणि थोरले बंधू गंगाधरपंत? ते घरी राहिले, संसार केला, आईला सांभाळले, ग्रंथरचनाही केली. संप्रदायाने त्यांना ‘श्रेष्ठ’ म्हटले. थोरलेपणामुळे पडलेले नाव असेल. मला मात्र त्यात राहिलेल्याचा मान दिसतो. आजही प्रत्येक घरात एक जाणारा आणि एक राहणारा असतो. कौतुक जाणाऱ्याचे होते, दवाखान्याच्या रांगेत राहणारा उभा असतो. परदेशातून दिवाळीला आलेल्या भावाने दोन दिवस त्या रांगेत उभे राहावे, एवढे तरी आपण घराघरांत बोलून ठरवू शकतो.

पुढे समर्थ दारी आले. आईला आधी तो भिक्षेकरी वाटला, मग आवाजाने ओळख पटली. काही काळ ते येथे राहिले आणि पुन्हा कृष्णाकाठी जायला निघाले. पहिल्या वेळी मुलगा न सांगता गेला होता. या वेळी आईचा निरोप घेऊन गेला. जाण्यापूर्वी त्यांनी आईला कपिलगीता सांगितली, असे परंपरा मानते. ही निवड विलक्षण आहे. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात कपिलमुनी आपली आई देवहूतीला ज्ञान देतात आणि तिच्या अनुमतीने निघून जातात. त्यानंतर देवहूतीचे काय झाले, हे भागवतकारांनी लपवलेले नाही. तिला तत्त्व कळले होते; तरीही पुत्र गेल्यावर ती, वासरू दुरावलेल्या गाईसारखी, व्याकूळ झाली.