विसार देण्याआधी



वसंत व्याख्यानमालेत काव्य, इतिहास, तत्त्वज्ञान यांवर बोलावयाचे, अशी रीत आहे. तेथे खरेदीखत आणि मिळकतपत्रिका घेऊन उभे राहणे म्हणजे बासुंदीच्या पंगतीत काढा वाढण्यासारखे आहे, हे आम्ही जाणतो. परंतु घर घेणारे जे लोक आम्हा वकिलांकडे येतात, त्यांतले बहुतेक पैसे देऊन झाल्यावर येतात. म्हणून हा काढा.

दोन वर्षांपूर्वी एक सेवानिवृत्त शिक्षक आमच्याकडे आले. हातात पाच लाखांची विसारपावती. "व्यवहार ठरला आहे, खरेदीखताचा मसुदा तेवढा करून द्या," म्हणाले. घर जुन्या पेठेतले, विकणारे दोघे भाऊ, आणि मिळकतपत्रिकेवर त्या दोघांचीच नावे. आम्ही विचारले, "यांना बहिणी किती?" मास्तर म्हणाले, "दोन. पण त्यांची लग्ने होऊन तीस वर्षे झाली. त्यांचा काय संबंध?"

संबंध होता तो असा. घर वडिलांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेले. ते मृत्युपत्र न करता १९९१ साली वारले. पुढे आईही गेली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे अशा मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच, आणि लग्न झाल्याने तो बुडत नाही. म्हणजे भाऊ निम्म्या घराचे धनी, आणि विकावयास निघाले होते सबंध घर! मास्तरांनी खरेदी केली असती तर फार तर निम्मा हिस्सा पदरी पडला असता. तोही कसा? अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्या माणसाने विकत घेतला, तर त्याला इतरांबरोबर त्या घरात राहण्याचा हक्क मिळत नाही, असे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ४४ वे कलम सांगते. पैसे मोजावयाचे आणि वर वाटपाचा दावा लावून बसावयाचे, अशी ती खरेदी झाली असती.

"पण सरकारी कागदावर त्यांची नावे नाहीत ना!" हे मास्तरांचे उत्तर आपल्यापैकीही अनेकांच्या मनात असेल. शेताचा सातबारा काय किंवा शहरातली मिळकतपत्रिका काय, हे कागद मुख्यतः सरकारी नोंदीचे आणि साऱ्याचे. विरुद्ध सिद्ध होईपर्यंत नोंद खरी धरतात, एवढेच तिचे वजन. फेरफाराने मालकी येत नाही आणि नाव राहून गेल्याने ती जातही नाही. आपल्याकडे बहिणीचे नाव राहून कसे जाते, हे सर्वांस ठाऊक आहे.

मुंबईत ज्यांना सॉलिसिटर म्हणण्याची रूढी पडली आणि इतरत्र ज्यांना नुसते वकील म्हणतात, त्यांचे या व्यवहारातले खरे काम मसुदा लिहिणे हे नव्हे. मसुदा शेवटी येतो. आधी दुय्यम निबंधकाच्या दप्तरातली सूची वर्षावर्षाने चाळून शोध घ्यावयाचा. हा शोध बहुधा तीस वर्षांचा घेतात, आणि त्या आकड्याला अर्थ आहे: मिळकत गहाण टाकणाऱ्याला ती सोडवून घेण्यासाठी दावा लावण्याची मुदतही तीस वर्षांचीच आहे. मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, आणि मूळ कागदांची मागणी. विकणारा नुसत्या झेरॉक्स प्रती दाखवू लागला, तर मूळ कागद कोणाच्या तिजोरीत आहेत हे विचारण्यास संकोच करू नये. नुसते कागद ठेवूनही कर्ज काढता येते.

एक काम मात्र वकिलाहून खरेदीदारानेच चांगले करावे. त्या घरी जावे, चहा घ्यावा आणि तिथे कोण राहते ते पाहावे. प्रत्यक्ष ताब्यात जो माणूस आहे, त्याचा जो काही हक्क असेल तो खरेदीदाराला माहीत होता, असेच कायदा धरून चालतो. मागच्या खोलीत एखादी विधवा काकू राहत असेल किंवा जुना भाडेकरू असेल, तर "आम्हाला कुणी सांगितले नाही" हे म्हणणे पुढे कोर्टात चालत नाही.

दोघांनी मिळून एकच वकील द्यावा काय? फी वाचते खरी. पण एकाचे हित किंमत हाती पडेपर्यंत सही न करण्यात, तर दुसऱ्याचे हित सही होईपर्यंत पैसा न सोडण्यात. दोघांचा एकच सल्लागार कोणाच्या कानात काय सांगणार? आमच्या मते ही काटकसर महाग पडते.

साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार. त्याने मालकी जात नाही. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या घराजमिनीची विक्री नोंदलेल्या खरेदीखतानेच होते. कुलमुखत्यारपत्र घेऊन घर आपले झाले असे समजणाऱ्यांचा भ्रम सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट शब्दांत दूर केला आहे. तरी ती कागदपत्रे अजून होतातच.

विकणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. गुजरातेतल्या एका जमिनीचे २००९ साली सुमारे पावणेदोन कोटींना खरेदीखत झाले. किंमत छत्तीस चेकांनी पावली, असे खतात लिहिलेले. विकणाऱ्यांचे म्हणणे असे की, प्रत्यक्षात मिळाले फक्त चाळीस हजार. त्यांनी २०१४ च्या अखेरीस दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले की, किंमत पुरी मिळाली नाही एवढ्या कारणाने नोंदलेले खरेदीखत रद्द होत नाही. पैशासाठी निराळा इलाज करावयास हवा होता. शिवाय तीन वर्षांची मुदतही उलटून गेली होती. तेव्हा 'रक्कम पावली' या दोन शब्दांखाली सही करण्यापूर्वी ती रक्कम बँकेत खरोखर जमा झाली आहे की नाही, हे पाहावे. चेक हाती येणे आणि पैसा हाती येणे यांत पुष्कळ अंतर आहे.

मास्तरांचे काय झाले? भावांनी विसाराचे पैसे खर्चून टाकले होते, त्यामुळे मागे फिरणेही अवघड. शेवटी बहिणींना पत्रे गेली. थोरलीने काही न घेता सही देऊ केली. धाकटीने किमतीचा चौथा हिस्सा मागितला, आणि तो तिचा होताच. भाऊ रुसले, मध्यस्थ धावले, सात महिने गेले. त्या सात महिन्यांत मास्तर भाड्याच्या घरात रात्र रात्र जागत होते, असे त्यांच्या पत्नीने आम्हाला सांगितले. अखेर चौघांच्या सह्यांनी खरेदीखत झाले. नोंदणीच्या दिवशी धाकटी बहीण भावांशी बोलली नाही. मास्तरांना मात्र तिने अंगणातल्या पारिजातकाला पाणी घालण्यास सांगितले.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे. प्रश्नांच्या चिठ्ठ्या पुढे पाठवाव्यात. मात्र त्यांत घराचा पत्ता लिहू नये, विकणारा याच सभागृहात बसलेला असण्याचा संभव आहे.