गीताचे तीन धनी



खेड्यातील प्राथमिक शाळेचे स्नेहसंमेलन असते. मुले लेझीम खेळतात, गातात, आणि एखादा हौशी शिक्षक तो सारा सोहळा मोबाईलवर टिपून घेतो. रात्री जागून तो त्याची चित्रफीत सिद्ध करतो, मुलांच्या लेझमीमागे एखादे गाजलेले चित्रपटगीत जोडतो आणि ती यूट्यूबवर चढवितो. ऊसतोडीस गेलेल्या आईबापांनी आपले लेकरू पाहावे, एवढाच त्याचा हेतू. परंतु थोड्याच वेळात सूचना येते की, या चित्रफितीतील संगीतावर दुसऱ्या कोणाचा हक्क आहे. मग ती कधी मूक होते, तर कधी दिसेनाशीच होते. शिक्षक खट्टू होतो. आपण यात एक पैसाही मिळविला नाही, मग यात अपराध तो कोणता, असा त्याचा प्रश्न असतो. प्रश्न प्रामाणिक आहे, आणि त्याचे उत्तरही तितक्याच सरळपणे समजून घेतले पाहिजे.

आपल्या देशात या बाबींचे नियमन १९५७ च्या प्रताधिकार कायद्याने होते. या कायद्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या, त्यांपैकी २०१२ ची दुरुस्ती विशेष महत्त्वाची आहे. कायद्याच्या दृष्टीने गीत ही एकच वस्तू नव्हे. शब्द ही एक कृती, चाल ही दुसरी, आणि ते गीत गाऊन, वाजवून जे ध्वनिमुद्रण तयार झाले ती तिसरी. एकाच गीताला असे तीन निरनिराळे धनी असू शकतात. धनी म्हणजे मूळ निर्माता, त्याच्या पश्चात त्याचे वारस, किंवा ज्या कंपनीला हक्क लिहून दिले ती कंपनी. यांशिवाय गाणाऱ्याचा व वाजविणाऱ्याचा कलावंत म्हणून वेगळा हक्क आहे तो आहेच.

गीतरामायणाचे उदाहरण घ्यावे. १९५५ व १९५६ या वर्षांत पुणे आकाशवाणीवरून त्याची छप्पन्न गीते प्रसारित झाली. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, स्वररचना सुधीर फडक्यांची. लेखक वा संगीतकार निवर्तल्यानंतर, पुढील वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे त्याच्या कृतीवरील हक्क कायम राहतो. माडगूळकर १९७७ मध्ये वारले, म्हणून शब्दांचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. फडके २००२ मध्ये वारले, म्हणून चालीचा हक्क २०६२ अखेरपर्यंत. ध्वनिमुद्रिकेची मुदत मात्र कोणाच्या मृत्यूवर अवलंबून नसून ती प्रसिद्ध झाल्यापासून मोजली जाते, आणि तीही साठ वर्षांचीच आहे. म्हणजे १९६० साली प्रसिद्ध झालेल्या एखाद्या ध्वनिमुद्रिकेचा हक्क २०२० अखेर संपला असेल, तरी तीत गाइलेल्या शब्दांचा व चालीचा हक्क शिल्लक असू शकतो. जुनी तबकडी आहे, आता ती सर्वांचीच झाली, असे म्हणणाऱ्यांची चूक येथे होते.

याच्या उलट प्रकारची चूक संतवाङ्मयाच्या बाबतीत घडते. तुकोबांचे अभंग कोणाच्याही मालकीचे नाहीत, ही गोष्ट खरी. परंतु श्रीनिवास खळे यांनी लावलेल्या चालीत लता मंगेशकरांनी जे अभंग गाइले, त्यांत शब्द तेवढे तुकोबांचे आहेत. खळे २०११ मध्ये निवर्तले, म्हणून त्या चालींवरील हक्क २०७१ अखेरपर्यंत चालतो. मात्र गावच्या भजनी मंडळाने परंपरेने आलेल्या चालीत तोच अभंग गाइला आणि शिक्षकाने तो स्वतः मुद्रित केला, तर शब्द वा चाल यांसाठी कोणाकडे हात पसरावा लागत नाही. गाणाऱ्यांची संमती तेवढी घ्यावी लागते.

साठ वर्षांची ही मुदत आली कशी, हेही जाणून घेण्याजोगे आहे. पूर्वी ती पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये निवर्तले, म्हणून त्यांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपणार होता. तो संपण्याच्या तोंडावर अध्यादेश निघाला, पाठोपाठ १९९२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि मुदत दहा वर्षांनी वाढली. एका कवीच्या निमित्ताने सर्वांचीच मुदत वाढली! राष्ट्रगीताच्या कर्त्याचे हे साहित्य अखेर २००२ च्या आरंभी सर्वांसाठी खुले झाले. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या प्रार्थना व कविता २०११ च्या आरंभापासून मोकळ्या आहेत. बहिणाबाई चौधरींची गोष्ट थोडी निराळी. त्या १९५१ मध्ये वारल्या, पण त्यांचे काव्य १९५२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या कृतीची मुदत प्रसिद्धीपासून मोजतात, म्हणून त्या पुस्तकातील कवितांचा हक्क २०१२ अखेर संपला. अर्थात या कवितांना पुढे कोणी लावलेल्या चाली व त्यांच्या ध्वनिमुद्रिका यांचा हिशेब पुन्हा वेगळाच करावा लागतो.

२०२३ मध्ये महाराष्ट्राने आपले राज्यगीत स्वीकारले. ते राजा बढे यांनी लिहिले, चाल खळ्यांची आणि गाइले शाहीर साबळे यांनी. परिपाठाच्या वेळी मुलांनी ते अवश्य गावे, त्यासाठीच ते आहे. परंतु गीताला राज्याचा मान मिळाला म्हणजे त्याच्या ध्वनिमुद्रिकेवरील हक्क आपोआप संपतो, असे कायदा म्हणत नाही.

आता शाळेच्या सवलतींकडे वळू. त्या आहेत, आणि मोठ्या मनाने दिलेल्या आहेत. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने एखाद्या कृतीची प्रत केली, तर तो हक्कभंग होत नाही. २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या छायाप्रतींच्या खटल्यात उच्च न्यायालयाने ‘अध्यापनाच्या ओघात’ या शब्दांचा अर्थ संकुचित न करता व्यापकपणे लावला. तसेच शाळेच्या कार्यक्रमात शिक्षक व विद्यार्थी यांनी गीत गाइले, नाट्य केले, अथवा ध्वनिमुद्रिका वाजविली, आणि समोर बसलेली मंडळी म्हणजे शाळेतील माणसे, पालक व शाळेच्या कार्याशी संबंधित व्यक्ती एवढीच असली, तर त्यालाही मोकळीक आहे. शासनाच्या किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या अधिकृत समारंभात गीत वाजविण्यासही कायद्याची आडकाठी नाही. म्हणजे प्रजासत्ताकदिनी मैदानावर कर्ण्यातून देशभक्तिपर गीते लागली, तर मुख्याध्यापकांनी चिंता करण्याचे कारण नाही.

घोटाळा होतो तो पुढच्या पायरीवर. मंडपातील श्रोते मोजके होते, यूट्यूबवरील श्रोता म्हणजे सारे जग. सवलत दिली होती ती मंडपापुरती. तोच कार्यक्रम चित्रफितीत बसवून जगापुढे मांडला की तिचा आधार सुटतो. तद्वतच वर्गातील पाठासाठी वर्गाच्या गटावर पाठविलेली फीत आणि कोणालाही पाहता येईल अशी खुली ठेवलेली फीत यांत मोठे अंतर आहे. शिक्षकाच्या बहुतेक तक्रारींचे मूळ हे अंतर ध्यानी न आल्यात असते.

शिवाय यूट्यूबवर पहिली तपासणी न्यायाधीश करीत नाही, यंत्र करते. हक्कधारकांनी आपल्या ध्वनिमुद्रिकांचे नमुने त्या यंत्राच्या हवाली केलेले असतात आणि चढविलेली प्रत्येक फीत त्यांच्याशी ताडून पाहिली जाते. जुळणी झाली की दावा लागतो. दावा लावणारा तीनपैकी एक मार्ग निवडतो: फीत अडवावी, तिच्यावर जाहिराती लावून उत्पन्न स्वतः घ्यावे, किंवा ती किती जण पाहतात यावर नुसती नजर ठेवावी. हा दावा म्हणजे शिक्षा नव्हे. तो लागल्यास गाण्याचा भाग छाटता येतो, गाणे बदलता येते वा मूक करता येते. दावा चुकीचा असल्यास, उदाहरणार्थ परंपरागत चालीतील स्वतः मुद्रित केलेल्या भजनावर तो लागला असल्यास, आक्षेप नोंदवावा. दावेदाराला उत्तर देण्यास तीस दिवस मिळतात. ताकीद ही मात्र गंभीर बाब आहे. हक्कधारकाने रीतसर मागणी करून फीत काढावयास लावली म्हणजे ती मिळते, आणि नव्वद दिवसांच्या आत अशा तीन ताकिदी झाल्या तर सारी वाहिनी बंद पडण्याची पाळी येते. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा खेडोपाडीच्या शिक्षकांनी केलेले कितीतरी पाठ आजही अशा वाहिन्यांवर आहेत. तीन उसन्या गाण्यांपायी ते सारे एका दिवसात पुसले जाणे, हा सौदा महागाचा आहे.

शिक्षकवर्गात काही समजुती रूढ आहेत. तीस सेकंदांपर्यंत गाणे घेतले तर चालते, अशी एक. असा कोणताही सेकंदांचा नियम कायद्यात नाही. खाली गायकाचे नाव लिहिले की झाले, ही दुसरी. नाव लिहिणे हे सौजन्य आहे, ती परवानगी नव्हे. शेजाऱ्याची बैलजोडी विचारल्यावाचून नेऊन तिच्या पाठीवर शेजाऱ्याचे नाव रंगविल्याने ती आपली होत नाही. पैसे मिळवीत नाही म्हणून दोष नाही, ही तिसरी समजूत. नफ्याचा हेतू नसेल तर न्यायालय शिक्षा सौम्य करू शकते, पण हक्कभंग तो हक्कभंगच. मोबाईलवरील एखाद्या ॲपमध्ये जी गाणी निवडता येतात, ती त्या ॲपपुरती दिलेली असतात, तेथून उचलून अन्यत्र नेण्यासाठी नव्हेत, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

या सर्व बंधनांचा कोणाला राग येईल. परंतु ज्यांच्या गीतांवर दोन पिढ्या वाढल्या अशा गीतकार-संगीतकारांच्या हाती एकरकमी बिदागीपलीकडे फारसे काही पडत नसे. म्हणूनच २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या कवीला व संगीतकाराला, चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता, इतर वापराच्या उत्पन्नात वाटा ठेवला, आणि तो कंपनीला लिहून देता येणार नाही अशी व्यवस्था केली. पाठ्यपुस्तकातील कवीचे नाव मुलांकडून पाठ करून घेणाऱ्या शिक्षकाला हा न्याय पटावयास हरकत नसावी.

मग शाळेच्या चित्रफितीला संगीत कोठून आणावे? सर्वांत सोपी सोय यूट्यूबनेच केली आहे. त्याच्या स्टुडिओ विभागात ऑडिओ लायब्ररी आहे. तेथील वाद्यसंगीत विनामूल्य घेता येते. काही तुकड्यांखाली कर्त्याचे नाव देण्याची अट असते, ती पाळावी. दुसरी सोय क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांची. हे परवाने २००२ पासून प्रचारात आहेत, आणि कर्ता त्यांद्वारे आपली कृती काही अटींवर आधीच खुली करतो. ‘बीवाय’ म्हणजे नाव द्या, ‘एनसी’ म्हणजे व्यापारासाठी वापरू नका, ‘एसए’ म्हणजे नवी कृतीही याच अटींवर खुली ठेवा, आणि ‘एनडी’ म्हणजे फेरफार केलेली कृती इतरांना देऊ नका. पुष्कळजण येथे फसतात ते ‘एनडी’ला. गाण्यातील एक स्वरही न बदलता ते चालत्या चित्राच्या मागे जुळवून बसविले, तरी या परवान्यांच्या लेखी तो फेरफारच ठरतो. म्हणून ‘एनडी’ खूण असलेले संगीत चित्रफितीसाठी घेऊच नये.

परंतु याहून चांगला मार्ग शाळेच्या दारातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या लाखाहून अधिक भरल्या. त्या संग्रहातील ध्वनिमुद्रणे त्या संग्रहाची आहेत, ती उचलू नयेत. पण ज्या गावातून एवढ्या ओव्या निघाल्या, तशा गावात आजही एखादी आजी सापडतेच. तिच्या तोंडून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ओवी मुलांनी शिकावी, कोणी पेटी धरावी, कोणी डफावर ताल द्यावा. त्या ओव्या चित्रफितीत वाजू लागल्या की ऊसतोडीच्या तळावर ती पाहणाऱ्या आईला घरचा आवाज ऐकू येतो, जो चित्रपटगीतातून येणे शक्य नाही. त्या आजीचे नाव मात्र चित्रफितीत आले पाहिजे, आणि गाताना टिपण्यापूर्वी तिला विचारले पाहिजे. मुलांच्या बाबतीत पालकांची लेखी संमती घ्यावी.

गावातील एखाद्या शाहिराने वा पेटीवाल्याने स्वतः रचलेले गीत घ्यावयाचे असेल, तर परवानगी लेखीच हवी. ‘गुरुजी, घ्या की खुशाल,’ हे शब्द पाटावर बसून बोलले गेले तरी पुढे उपयोगी पडत नाहीत. पत्रातही एक बारकावा आहे. हक्क किती काळासाठी दिला हे लिहिले नसेल, तर कायदा तो पाच वर्षांचाच समजतो. कोणत्या प्रदेशासाठी दिला हे लिहिले नसेल, तर तो भारतापुरताच समजतो. इंटरनेटवरील फीत तर दुबईत नोकरीस गेलेला गावकरीही पाहतो. म्हणून गीताचे नाव, कर्त्याचे नाव, शाळेच्या चित्रफितीत वापरण्याची परवानगी, मुदत आणि ‘सर्व जगासाठी’ हे शब्द असे पाचही तपशील पत्रात असावेत, आणि खाली सही व तारीख असावी.

एक साधी वही घालून तीत प्रत्येक चित्रफितीपुढे संगीत कोठून घेतले, कोणत्या परवान्याने घेतले आणि कोणत्या दिवशी घेतले, हे लिहीत जावे. संमतिपत्रे तिच्यातच चिकटवावीत. ही वही शिक्षकाच्या घरी न राहता मुख्याध्यापकांच्या कपाटात, जडसंग्रह नोंदवहीशेजारी असावी. कारण दावा चार वर्षांनीही येऊ शकतो, आणि तोवर त्या शिक्षकाची बदली दुसऱ्या तालुक्यात झालेली असते.