विभावरी शिरूरकर : नाव आणि लेखन



आपल्या गावापासून वेरूळची लेणी हाकेच्या अंतरावर. कैलास खोदणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आपणांस ठाऊक नाही आणि त्याची कोणास खंतही वाटत नाही. परंतु पुस्तकावर नाव नसले, किंवा असलेले नाव खोटे आहे असा संशय आला, की समाज लगेच अस्वस्थ होतो. आणि ते लेखन स्त्रीचे असेल तर विचारूच नका. आज आम्ही ज्या लेखिकेविषयी बोलणार आहोत, तिच्या वाट्याला हेच आले.

१९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. लेखिका विभावरी शिरूरकर. ही बाई कोण, कुठली, कोणासच माहीत नव्हते. पुस्तकात होते काय? शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींची मने. मुलगी मिळवती झाली की घराला तिच्या पगाराची सवय लागते. धाकट्या भावंडांची शिक्षणे, आईची बाळंतपणे, सारे तिच्या जिवावर चालते, आणि तिच्या लग्नाचा विषय हळूहळू मागे पडतो. बाबांचा संसार माझा कसा होणार, असा प्रश्नच त्यातल्या एका कथेने विचारला. स्त्रीशिक्षणाच्या बाजूने भाषणे करणाऱ्या सुधारकी घरांना हा प्रश्न अधिकच झोंबला, कारण मुलीला शिकवण्यापर्यंत त्यांची तयारी होती. तिला देह आहे, इच्छा आहे, हे तिनेच लिहून सांगावे याला नव्हती. वादळ उठले. हे लिहिणारा पुरुषच असला पाहिजे, असेही तर्क झाले. बाईला असे सुचणारच नाही, ही त्यामागची समजूत!

या टोपणनावामागे होत्या बाळूताई खरे, म्हणजेच पुढच्या मालतीबाई बेडेकर. जन्म १९०५चा. अण्णासाहेब कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत त्या शिकल्या, महिला विद्यापीठाच्या 'गृहीतागमा' व 'प्रदेयागमा' या पदव्या त्यांनी मिळवल्या आणि त्याच संस्थेशी निगडित कन्याशाळेत शिकवू लागल्या. आता विचार करा: मुलींच्या शाळेतली अविवाहित शिक्षिका, आणि असे पुस्तक! खरे नाव छापले असते तर नोकरीवर गदा येण्याचे भय होते. या टोपणनावाला कोणी भित्रेपणा म्हणेल. आम्ही तसे म्हणणार नाही. ती आडोशाची भिंत होती, आणि तिच्या आडून बाळूताईंनी जे लिहिले त्यात कोठेही हातचे राखलेले नाही.

पुढच्याच वर्षी 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी आली. नवऱ्यापासून दुरावलेली अचला दुसऱ्या पुरुषाशी संसार मांडू पाहते, मूल हवे म्हणते. त्या काळच्या हिंदू स्त्रीला घटस्फोटाची वाट बहुतेक ठिकाणी बंदच होती. मुंबई प्रांतात तसा कायदा १९४७ साली झाला, आणि देशभर १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने. कादंबरी म्हणजे स्वैर कल्पना, असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या बाईंनी १९३२ साली 'हिंदुव्यवहार धर्मशास्त्र' हा ग्रंथ दुसऱ्या लेखकाबरोबर लिहिला होता. कायद्याने स्त्रीला कोठे कोंडले आहे हे त्यांनी पोथ्यांतून तपासले होते. अचलेचा कोंडमारा त्या अभ्यासाच्या पायावर उभा आहे.

आमचे वाचन थोडे दूरवर गेले तेव्हा एका दुसऱ्या बाईची याच संदर्भात आठवण झाली. पश्चिम आफ्रिकेत नायजेरिया देश आहे. तेथील बुची एमेचेटा ही १९४४ साली लागोसला जन्मली, लहान वयात लग्न झाले, नवऱ्यामागे लंडनला गेली. तिने लिहिलेल्या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित नवऱ्याने जाळून टाकले. पाच मुलांना घेऊन ती वेगळी झाली, नोकरी करीत समाजशास्त्राची पदवी मिळवली, आणि जळालेली कादंबरी पुन्हा लिहून काढली. १९७६ साली ती छापली गेली. तिच्या एका कादंबरीचे नाव 'मातृत्वाची सुखे' अशा अर्थाचे आहे, आणि ते नाव अर्थातच उपरोधाचे. २०१७ साली ती वारली. तिचे कागद घरातच जळले. आपल्या बाळूताईंच्या कागदांना घरातून आच लागली नाही, ती बाहेरून लागली. दोघींनाही लेखणी खाली ठेवावीशी वाटली नाही, एवढे साम्य आम्हांस पुरेसे वाटते.

असो. 'कळ्यांचे निःश्वास'चे नाव सर्वांच्या तोंडी असते. आमच्या मते मालतीबाईंची खरी मोठी कृती 'बळी' ही आहे. १९३६ साली शाळा सोडून त्या सोलापूरच्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतीवर अधिकारी म्हणून गेल्या. सेटलमेंट! १८७१च्या कायद्याने इंग्रज सरकारने जातीच्या जाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तारेचे कुंपण, रोजची हजेरी, बाहेर जायचे तर परवाना. पांढरपेशा घरातली ही बाई त्या कुंपणाच्या आत सरकारी खुर्चीवर बसली होती, हेही विसरू नये. परंतु तिने खुर्चीवरून दिसले तेवढेच लिहिले नाही. १९५० साली आलेल्या 'बळी'त मांगगारुडी माणसे आपल्या बोलीत बोलतात, भांडतात, फसवतात, जीव लावतात. लेखिकेने त्यांना दयेचे विषय केले नाही आणि सद्गुणांचे पुतळेही केले नाही. दलित आणि भटक्या-विमुक्तांची स्वतःची लेखणी मराठीत पुढे आली आणि तिने अधिक आतले सांगितले, हे खरेच. पण १९५० साली ही वाट जवळजवळ निर्मनुष्य होती. तो कायदा देशभर १९५२ साली रद्द झाला. ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळतात. मात्र गावात चोरी झाली की पहिला संशय पालावर जातो, हे आपल्या मराठवाड्यातल्या मंडळींना आम्ही सांगायला नको.

१९३८ साली त्यांनी विश्राम बेडेकरांशी लग्न केले, दोन वर्षांनी नोकरी सोडली. घर सुटलेल्या बायकांच्या संस्थांतून हिंडून 'घराला मुकलेल्या स्त्रिया' लिहिले. १९८१ साली साहित्यव्यवहारातील सरकारी हस्तक्षेपाच्या निषेधार्थ मुंबईला समांतर संमेलन भरले, त्याच्या अध्यक्षस्थानी मालतीबाई होत्या. वय पंचाहत्तर उलटलेले. २००१ साली त्या गेल्या.

वेळ संपत आला आहे, तरी 'खरेमास्तर'चा उल्लेख केल्यावाचून बसवत नाही. १९५३ साली आलेली ही कादंबरी त्यांच्या वडिलांवर आहे. शिरूरसारख्या लहान गावात मिशनच्या शाळेत मास्तरकी करणारा हा गृहस्थ. लोकांची बोलणी खाऊन त्याने मुली शिकवल्या. 'शिरूरकर' हे आडनाव लेखिकेने कोठून घेतले, ते आता निराळे सांगावयास नको.