माझे हायस्कुलांतील दोन शिक्षक

मी मॅट्रिक झालेला आणि बारामती तालुक्यांत आयुष्यभर प्राथमिक शाळा सांभाळून निवृत्त झालेला एक साधा शिक्षक. हायस्कुलांतील ज्या गुरुजनांचा ठसा आपल्यावर उमटला त्यांविषयीं बोलावें, असें मला सुचविण्यांत आलें आहे. शिकविणारे पुष्कळ लाभले. पण आठवावयास बसलें कीं दोघेच पुढें येतात.

पहिले मराठीचे. माझें हायस्कूल इंदापुरास. पण या गृहस्थांचा जीव सारा बारामतीस, कऱ्हेच्या कांठीं. मोरोपंत १७२९ त पन्हाळ्यास जन्मले आणि १७९४ त बारामतीस वारले, एवढें पुस्तकांत होतें. सर म्हणाले, "पंतांनीं ओठाला ओठ न लावतां म्हणतां यावें असें निरोष्ठ रामायण रचलें. तुम्ही आपल्या घराविषयीं चार वाक्यें तशीं बोला पाहूं!" प, फ, ब, भ, म वर्ज्य. म्हणजे बाप नको, भाऊ नको, बहीण नको, भाकरी नको, म्हैस नको. फार काय, 'मी'सुद्धां नको! आई तेवढी उरली. वर्गांत असा हंशा पिकला कीं शेजारच्या वर्गाचे शिक्षक दारांत येऊन उभे राहिले.

दुसरे गणिताचे, आणि खरें सांगावयाचें तें यांच्याविषयीं. माणूस अबोल. १९७२ चा दुष्काळ पडला. आमच्या तालुक्यांत नीरेच्या डाव्या कालव्याखालचें रान आणि जिराईत रान यांत जमीनअस्मानाचें अंतर. आमचें भीमेकडचें, जिराईत. पुढल्या उन्हाळ्यांत आई खडी फोडावयास जाऊं लागली आणि तिच्यामागें मीही. मजुरी मापावर; १०० घनफुटांचा एक ब्रास.

एके रविवारीं सर सायकलीवरून त्या रस्त्यानें आले. पहिल्या बांकावरचा मुलगा हातोडा घेऊन बसलेला दिसावा याची मला लाज वाटली. मी ढिगामागें लपलों. त्यांनीं मला पाहिलें, पण लपण्याविषयीं चकार शब्द काढला नाहीं.

"माप कसें घेतात?" त्यांनीं विचारलें.

मुकादम माथ्यावरची लांबी-रुंदी आणि उंची मोजी. सरांनीं सुतळी मागितली. ढीग १० फूट लांब, २ फूट उंच. रुंदी माथ्यावर ४ फूट, पायाशीं ६.

"सोडव."

रुंदीची सरासरी ५, घनफळ १००. वहींत चढलें होतें ८०. आईच्या कष्टाचा पांचवा हिस्सा वाटेंतच जिरत होता.

"सर, तुम्हीच सांगा ना त्यांना."

"उदाहरण तूं सोडविलेंस. उत्तर तूंच सांग." आणि ते सायकलीवर बसून गेले.

मला धीर झाला नाहीं. हें आज कबूल केलें पाहिजे. उत्तर सांगितलें तें आईनें, जिला अक्षरओळखही नव्हती. पुढें आठवडाभर आमच्या वांट्यास सर्वांत टणक दगड आला. पण वहींत आंकडा पुरा चढला, आणि शेजारच्या बाया सुतळी घेऊन मला आपापल्या ढिगापाशीं बोलावूं लागल्या. सातवीला घनफळ शिकवितांना मीं पुढें कधीं फळ्यापासून आरंभ केला नाहीं. मुलांना शाळेमागच्या मुरुमाच्या ढिगाकडे नेत असें.

तो रस्ता १९८० च्या सुमारास उजनीच्या पाण्याखालीं गेला. त्यानंतर बऱ्याच वर्षांनीं मी वृद्ध सरांना भेटलों व ही हकीकत सांगितली. त्यांना कांहीं आठवेना.

"मापें काय होतीं?" त्यांनीं विचारलें. मीं सांगितलीं. डोळे मिटून त्यांनीं बोटांवर हिशेब केला.

"शंभर. बरोबर आहे. मग तूं सांगितलेंस ना त्याला?"

"आईनें सांगितलें," मी म्हणालों.