दुःखकाळी अनंतकाळाची आशा

(ज्युबिली महोत्सवाच्या मिस्सानंतर केलेले भाषण)



ज्युबिलीचा दिवस हा उपकारस्तुतीचा दिवस होय. देवाने आपल्या धर्मग्रामाचा आजवर सांभाळ केला, हे आज आपण आनंदाने आठवतो. परंतु ज्या घरच्या पंगतीतील एक पान कायमचे कमी झाले, त्या घरच्या माणसांच्या मनात आज काय चालले असेल, याचा विचार केल्यावाचून आम्हांस बोलवत नाही. म्हणून अनंतकाळाच्या आशेविषयी चार शब्द सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

संकटे या मुलखास नवी नाहीत. आपला भाग भंडारा जिल्ह्यात व मध्यप्रांतात मोडत होता, त्या काळी १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन घोर दुष्काळ पाठोपाठ पडले. पुढे १९१८ साली इन्फ्लुएन्झाची साथ आली. लोक तिला मानमोडी म्हणत. हिंदुस्थानात तिने एक कोटीहून अधिक माणसे नेली, व सर्वांत अधिक हानी सोसणाऱ्या प्रांतांत मध्यप्रांताची गणना झाली. नंतर २०२० साली कोरोना आला. मार्चच्या २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी झाली, अंत्यविधीस वीसांहून अधिक माणसांस मनाई झाली, आणि महाराष्ट्रातील देवालये १६ नोव्हेंबरपर्यंत भाविकांस बंद राहिली.

त्या दिवसांत जी माणसे गेली, त्यांच्यासंबंधी एक चिंता पुष्कळांनी आमच्याजवळ बोलून दाखविली आहे. "फादर, आमच्या आईस शेवटचे तैलाभ्यंग मिळाले नाही, परमप्रसाद मिळाला नाही, जवळ कोणी नव्हते, तिच्या आत्म्याचे काय झाले असेल?" हा प्रश्न लहान नव्हे. त्याचे उत्तर ख्रिस्तसभेने स्वतः दिले आहे. २० मार्च २०२० रोजी रोम येथील अपोस्तलिक पेनिटेन्शरीने एक फर्मान काढले. ज्यांस तैलाभ्यंग व अखेरचा परमप्रसाद मिळणे अशक्य झाले, त्यांस ख्रिस्तसभा देवाच्या दयेवर सोपविते. आणि ज्यांचे अंतःकरण योग्य रीतीने सिद्ध आहे व ज्यांनी आयुष्यात काही प्रार्थना म्हणण्याचा नेम ठेविला, त्यांस मरणाच्या घटकेस पूर्ण दंडमाफी लाभते, असे त्यात सांगितले आहे. देवाने आपली कृपा संस्कारांस जोडली खरी, परंतु तो स्वतः त्यांनी बांधला गेलेला नाही. इस्पितळाचे जे दार आपणांस बंद होते, ते त्यास बंद नव्हते. जिने जन्मभर सायंकाळी जपमाळ हाती धरिली, ती माउली शेवटी एकटी नव्हती.

कोणी म्हणेल, स्वर्गाची आशा असता रडावे कशास? आम्ही म्हणतो, रडावे. लाजरसाच्या कबरेपाशी स्वतः प्रभू रडला, आणि काही क्षणांतच तो त्यास उठविणार होता. ख्रिस्ती आशा अश्रूंस मना करीत नाही. अश्रू हेच शेवटचे आहेत, एवढेच ती मानीत नाही.

दुसरा कोणी म्हणेल, सर्व काही परलोकीच मिळणार, तर या लोकी खटपट कशास? त्यास आम्ही नवेगावबांधचा तलाव पाहावयास सांगू. तो कोलू पाटील कोहळी यांनी बांधविला असे परंपरा सांगते. भंडारा-गोंदियाच्या मुलखात असे शेकडो जुने तलाव आहेत. ज्यांनी पाळीवर माती वाहिली, त्यांनी आजची शेते पाहिली नाहीत. पाणी मात्र आजही आहे. आपल्या मागून येणाऱ्यांवर भरवसा ठेवून माणूस इतके श्रम करितो, तर ज्यास पुनरुत्थानाचे वचन मिळाले आहे त्याने किती अधिक करावे! ज्यास अनंतकाळ आहे, त्याचे कोणतेही सत्कृत्य वाया जात नाही.

प्रभूने गव्हाच्या दाण्याचा दाखला दिला. आपला मुलूख धानाचा. म्हणून आपण पऱ्ह्यांकडे पाहावे. रोप उपटिताना त्याची मुळे तुटतात. बांधीत रोवल्यावर काही दिवस ते पिवळे पडते, आणि अजाण माणसास वाटते, सर्व गेले. शेतकऱ्यास ठाऊक असते की, पऱ्ह्यातच राहिले असते, तर त्यास चांगली लोंबी धरली नसती. आपली माणसे उपटली गेली हे आपण पाहिले. ती रोवली गेली, हे आपण विश्वासाने जाणतो.

तर या ज्युबिलीच्या निमित्ताने तीन गोष्टी आपण कराव्या, अशी आमची विनंती आहे. नोव्हेंबर महिन्यात आपल्या मृतांसाठी मिस्सा अर्पावा व त्यांच्या कबरांस भेट द्यावी. ज्या घरी मरण, कर्ज किंवा पिकाची नासाडी झाली, त्या घरी रिकाम्या शब्दांनी न जाता पायलीभर तांदूळ घेऊन जावे, व थोडा वेळ मुकाट्याने बसावे. आणि आपल्या घरची सायंकाळची प्रार्थना मोडू देऊ नये. कारण शेवटच्या घटकेस धर्मगुरू पोहोचेल की नाही, हे कोणास सांगता येत नाही, परंतु प्रार्थनेचा नेम माणसाबरोबर शेवटपर्यंत जातो.

जो परमेश्वर आजवर आपला सांभाळ करीत आला, तो आपणां सर्वांस, आपल्या आधी गेलेल्यांसह, आपल्या घरी एकत्र करो. आमेन.