उपकारस्तुती आणि आरोग्य



शीवमध्ये भरलेल्या या संमेलनात आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत! १९४७ मध्ये १० खाटांनिशी सुरू झालेले आणि आज अवघ्या मुंबईचा आधार असलेले शीव इस्पितळ इथून जवळच आहे. शेजारी वडाळ्याला १८९० पासूनचे कुष्ठरुग्णालय आहे. ते उभारण्यात पुढाकार घेणारे पालिका आयुक्त अ‍ॅकवर्थ यांनीच शाळिग्राम नावाच्या सहकाऱ्यासह मराठी पोवाडेही जमवले. रुग्णसेवा आणि शब्दसेवा इथे अशा जुन्या शेजारणी आहेत.

आपला विषय श्रद्धा, कृतज्ञता, सर्जन आणि आरोग्य. प्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगतो. श्रद्धा औषधाची जागा घेत नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. प्रार्थना करावी आणि गोळीही वेळेवर घ्यावी. पण दुखण्यात माणूस एकटा पडतो, त्याला आपण निरुपयोगी आहोत असे वाटू लागते. ते दुखणे गोळीने जात नाही. तिथे श्रद्धेचे काम सुरू होते.

याचे एक उदाहरण पाहा. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ मध्ये मुंबईतच निवर्तले. मागे राहिलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना रीतसर शिक्षण नव्हते. तरी पतीचे अपुरे काव्य 'ख्रिस्तायन' त्यांनी ६४ अध्याय लिहून पुढे नेले आणि 'स्मृतिचित्रे'सारखा ग्रंथ मराठीला दिला. शोक होताच, त्याला त्यांनी काम दिले.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य ख्रिस्तसेवेच्या ध्यासाने १९७० मध्ये जामखेडला गेले. गावातल्या, बहुतेक निरक्षर बायांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवले. ज्यांना कोणी विचारत नव्हते, त्या बाळंतपणे सुखरूप करू लागल्या, गावाला शिकवू लागल्या. १९७९ मध्ये या कामाला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गाव सुधारले तशा त्या बायाही ताठ उभ्या राहिल्या.

आपल्या मंडळ्यांत उपकारस्तुती दर रविवारी होते. मिळालेले आठवले की द्यावेसे वाटते. द्यायला लागले की हात गातात, लिहितात, शिवतात, शुश्रूषा करतात. म्हणून या संमेलनाकडे माझे एकच मागणे आहे: प्रत्येक मंडळीने परतताच आपल्या वस्तीतल्या एका आजाऱ्याच्या घरी नेमाने जावे. त्याच्याबरोबर गीत गावे, त्याची साक्ष लिहून घ्यावी, त्याला झेपेल ते काम त्याच्या हाती द्यावे.

व्यवस्थेत काही उणे राहिले तर पोटात घालावे. शीवच्या मंडळींच्या वतीने पुन्हा एकदा आपले स्वागत करतो आणि अध्यक्षांना कार्यारंभाची विनंती करतो. प्रभू आपल्याला आशीर्वाद देवो!