सर सिरिल बर्ट आणि न हललेला आकडा

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सिरिल बर्ट यांना १९४६ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला, तेव्हा शिक्षणखात्यात त्यांच्या शब्दाला वजन होतं. बुद्धी मुख्यतः आनुवंशिक असते, हे त्यांचं ठाम मत. अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांच्या शाळा ठरवण्याच्या पद्धतीला या विचाराचं पाठबळ होतं.

पुरावा म्हणून बर्ट बोट दाखवत ते ताटातूट होऊन वेगळ्या घरांत वाढलेल्या हुबेहूब जुळ्यांकडे. १९५५ मध्ये अशा २१ जोड्या. बुद्ध्यंकांतला सहसंबंध ०.७७१. १९६६ मध्ये जोड्या ५३. सहसंबंध? तोच, ०.७७१! अहो, नवी माणसं मोजली की तिसऱ्या दशांश स्थळी तरी फरक पडायचाच. बर्ट हयात असताना यावर फारसं कुणी बोललं नाही, याचंच जास्त नवल वाटतं.

१९७४ मध्ये अमेरिकेतल्या लिऑन केमिन यांनी हे उघडपणे मांडलं. दोन वर्षांनी ‘संडे टाइम्स’नं विचारलं, बर्ट यांच्या सहकारी मिस हॉवर्ड आणि मिस कॉनवे आहेत तरी कुठे? चरित्रकार लेस्ली हर्नशॉ यांनीही पुढे लबाडीचाच निष्कर्ष काढला. नंतर बर्ट यांची बाजू घेणारी पुस्तकंही निघाली. वाद पुरता मिटलेला नाही.

आणि गंमत पाहा, १९९० मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या गटाला अशाच जुळ्यांमध्ये आढळलेला सहसंबंध बर्ट यांच्या आकड्याच्या आसपासच होता. मात्र दत्तक घरं बहुधा सारख्याच सांपत्तिक थरातली असतात, त्यामुळे परिस्थितीचा वाटा त्यातून नीट मोजला जात नाही, असा आक्षेप त्यावरही आहे.